फ्रेंच फ्राइज: काप कोणता, बटाटा कोणता, आणि आपल्याकडं चांगले मिळतात कुठं?

गोलाईकर (लातूर)

घरी फ्राइज करायलोय तर दोनच गोष्टी व्हायलेत. एक तर बाहेरून चॉकलेटी अन् आतून कच्चे, नाहीतर ताटात पडल्यावर पाच मिनिटांत लुळे. बटाटा मोंढ्यातला नेहमीचाच, भाजीला एकदम चांगला. पद्धत अशी: बोटाएवढे काप, एकदा धुतले, कडक तेलात सोडले, लाल झाले की काढले. तेल एक लिटर, एका घाण्याला अर्धा किलो काप.

चुकतंय कुठं? आणि बारीक, जाडे, नागमोडी, सालीसकट असे जे प्रकार असतात त्यातले घरी कोणते जमतात, बाहेर जाऊन कोणते खावेत? लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठलंही सांगा. पाकिटातल्या गोठवलेल्या फ्राइजबद्दल सांगितलं तरी चालेल.

चाळणी

एक लिटर तेलात अर्धा किलो ओले काप टाकले की तेल झपकन गार पडतं आणि घरच्या शेगडीवर ते पुन्हा तापेपर्यंत काप तेलात नुसते शिजत बसतात. हे झाले तुमचे लुळे फ्राइज. दीड लिटर तेलाला एका वेळी २०० ते २५० ग्रॅम काप, त्याच्यावर नाही.

चॉकलेटी-कच्च्याचं कारण वेगळं आहे. तिथं बटाट्याची गोडी आणि एकदाच तळणं हे दोन्ही आडवे येतात.

आधी बटाटा. आपल्याकडं पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत येणारा आग्रा-इंदूरकडचा बटाटा बहुतेक शीतगृहातला असतो. रब्बीचा माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि खायचा बटाटा दोन ते चार अंशांत ठेवतात, म्हणजे कोंब येत नाहीत. पण त्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. भाजीत ती कळतही नाही. तेलात मात्र ती साखर आणि बटाट्यातली प्रथिनं मिळून आत शिजायच्या आधीच बाहेर काळपट रंग धरतात. फ्राइजसाठी राखलेला बटाटा म्हणूनच १० ते १२ अंशांवर ठेवतात.

दुसरी गोष्ट, पाणी. फ्राइजला कोरडा, पिठूळ बटाटा लागतो, ज्यात घन भाग शेकडा २० च्या वर असतो. कुफरी चिप्सोना आणि कुफरी फ्रायसोना या जाती त्याच कामासाठी काढलेल्या आहेत. कुफरी पुखराज लवकर येतो, दिसतो सुरेख, पण पाणचट. कुफरी ज्योती या दोन्हींच्या मधला. मोंढ्यात जातीचं नाव कुणी सांगत नाही, म्हणून घरी परीक्षा करायची: एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ विरघळवा, अख्खा बटाटा सोडा. बुडाला तर फ्राइजचा, तरंगला तर भाजीचा. गोडी बघायला एक चकती कापून १८० अंशांच्या तेलात तीन मिनिटं तळा. कडा तांबूस-काळ्या झाल्या तर त्या पोत्यातला बटाटा आज फ्राइजला घेऊ नका. घरात हवेशीर, अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे ठेवला तर साखर बरीच उतरते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तिथं ती वाढते.

आता कृती, एक किलो बटाट्याची. यातून साधारण अर्धा किलो फ्राइज निघतात.

साल काढून १० मिलिमीटर जाडीचे काप करा. सगळे एका जाडीचे हवेत. तुमच्यासारखं 'बोटाएवढे' म्हटलं की करंगळी आणि अंगठा एकाच कढईत येतात. पाणी नितळ होईपर्यंत तीन-चार वेळा धुवा आणि अर्धा तास गार पाण्यात बुडवून ठेवा. वरचा सुटा स्टार्च गेला नाही तर काप एकमेकांना चिकटतात आणि तो स्टार्च तेलात करपतो.

मग दोन लिटर पाणी, त्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर आणि एक चमचा मीठ. काप गार पाण्यातच टाका, उकळी आणा, मग मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. आंबटपणामुळे काप शिजूनही मोडत नाहीत, आणि जास्तीची साखर पाण्यात उतरते. बोअरचं जड पाणी असेल तर एक-दोन मिनिटं जास्त लागतील. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात बटाटाही तसाच हटून बसतो.

निथळून सुती कापडावर पसरा, पंख्याखाली पंधरा मिनिटं. काप हाताला कोरडा लागला पाहिजे.

पहिलं तळण १५० ते १६० अंश, चार-पाच मिनिटं. रंग यायला नको. चिमटीत दाबला तर काप सहज दबला पाहिजे. काढून चाळणीवर पसरा आणि निदान अर्धा तास राहू द्या. या वेळात आतली वाफ बाहेर पडते आणि वरचा थर सुकतो. कुरकुरीतपणा इथं ठरतो, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

दुसरं तळण १८० ते १८५ अंश, दोन ते तीन मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. थर्मामीटर नसेल तर इंचभर पावाचा तुकडा टाका. मिनिटभरात बदामी झाला म्हणजे तेल या तापमानाला आलं.

मीठ मिक्सरवर पिठासारखं करून ठेवा, अर्ध्या किलोला सपाट एक चहाचा चमचा. काढल्या-काढल्या परातीत मारा, कढईवर धरून नाही. तेलात मीठ पडत राहिलं की तेल लवकर खराब होतं. आणि तळलेल्यावर झाकण, स्टीलचा डबा, कागदाची घडी यातलं काहीही नको. तुमचे फ्राइज पाच मिनिटांत लुळे पडायलेत ते स्वतःच्याच वाफेत.

कारळं (धाराशिव)

चाळणीताईंचं बरोबर आहे, पण व्हिनेगरची उकळी रोजच्या कामाला जास्तीची वाटते. बटाटा बुडणारा असेल तर धुणं, सुकवणं आणि दोन तळणं एवढ्यावर भागतं. बेल्जियममध्येही जुनी पद्धत दोन तळणांचीच, उकळणं नाही. उकळीची गरज साखर वाढलेल्या बटाट्याला.

आता प्रकार. माझं मत स्पष्ट आहे: बटाटा हातात घेऊन काप ठरवावा.

बटाटा लांब, कोरडा मिळाला तर ६ मिलिमीटरचे बारीक काप. हे मॉलमधल्या साखळी दुकानांतले, बाहेर कुरकुर आणि आत जेमतेम मऊ. घरी हे सगळ्यात अवघड, कारण आत थोडं पाणी राहिलं तरी लुळे पडतात, आणि सात-आठ मिनिटांत खाऊन संपवायला लागतात. हे पाकीट आणूनच करा, लाजायचं कारण नाही. पाकिटातले आधी उकळून, सुकवून, एकदा तळून मग गोठवलेले असतात, म्हणजे वर सांगितलेली बरीचशी मेहनत कारखान्यात झालेली असते.

मध्यम बटाटा असेल तर १० ते १२ मिलिमीटर, बेल्जियमचा काप. मोंढ्याच्या बटाट्याला हाच मानवतो. तिकडं बिंत्ये नावाचा पिवळसर बटाटा वापरतात, आणि फ्राइज मेयोनेजसोबत खातात, टोमॅटो सॉससोबत नाही. एकदा करून बघा, सॉसची गोडी बटाट्याची चव कशी झाकते ते कळेल.

पाणचट बटाटाच हाती आला तर हट्ट सोडा आणि सालीसकट फोडी करा. बटाट्याचे उभे आठ भाग, सहा मिनिटं उकळी, सुकवून भांड्यात थोडं खडबडवा म्हणजे कडा भरभरीत होतात, मग दोन मोठे चमचे तेल लावून ओव्हनमध्ये २२० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. एअर फ्रायरमध्ये २०० वर वीसेक मिनिटं, पण टोपलीत एकच थर. दोन थर लावले की खालचे वाफवले जातात.

नागमोडी कापाला वेगळी सुरी मिळते. खोबणींमुळे पृष्ठभाग वाढतो, सॉस आणि मसाला धरून राहतो. पण खोबणीच्या टोकाला काप पातळ असतो, तिथं आधी करपतो, म्हणून दुसरं तळण १७५ वर. स्प्रिंगसारखे गोल काप मात्र मैदा-कॉर्नफ्लोअरच्या मसालेदार पातळ पिठात बुडवून तळलेले असतात, त्यात बटाट्याइतकीच चव पिठाची. जत्रेतल्या काडीवरच्या लांब स्प्रिंगलाही हेच लागू: गरम असेपर्यंत तीन मिनिटांची मजा.

मसाल्याचं थोडं. आपल्याकडं 'पेरी पेरी' म्हणून जी पुडी मिळते ती बहुतेक तिखट, लसूण पावडर, साखर, मीठ आणि लिंबूसत्व. मूळ पिरी पिरी ही आफ्रिकेतली बारीक, जहाल मिरची आणि तिचा पोर्तुगीजांच्या हातून फिरलेला सॉस. घरी करायचं तर दोन चहाचे चमचे तिखट, एक लसूण पावडर, एक पिठीसाखर, अर्धा आमचूर, पाव लिंबूसत्व, एक मीठ, सगळं एकत्र अगदी बारीक वाटा. जाड राहिलं तर ताटाच्या तळाशी जाऊन बसतं. याच कारणानं आपली शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी वरून भुरभुरली तर टिकत नाही. ती घट्ट दह्यात कालवून बुडवायला घ्या. काळं तिखट चालतं, पण अर्ध्या किलोला अर्धा चमचाच. त्यातला खडा मसाला लगेच पुढं येतो.

आणि शेंगदाणा खाणाऱ्या मराठवाड्यानं नेदरलँड्सचा एक प्रकार नक्की करून पाहावा: 'पाताटये ओरलोख', म्हणजे युद्धवाले फ्राइज. जाड फ्राइजवर शेंगदाण्याचा सॉस, मेयोनेज आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. शेंगदाण्याचा सॉस त्यांच्याकडं इंडोनेशियातून आला. आपल्या घरातल्या सामानात: १०० ग्रॅम भाजलेले, सोललेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटा, त्यात चार पाकळ्या लसूण, एक चमचा चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, तिखट-मीठ आणि दीडशे मिली पाणी, मंद आचेवर चार-पाच मिनिटं. गार झाला की घट्ट होतो, म्हणून सैलसरच उतरवा. कांदा धुऊन पिळून घ्या, नाहीतर पाणी सुटून फ्राइज भिजतात.

कॅनडातल्या क्युबेकचं पुटीन, म्हणजे फ्राइजवर ताजं चीज आणि गरम रस्सा, इकडं जमत नाही, असं माझं मत. ताज्या चीजचे गोळे दाताखाली चरचरले पाहिजेत आणि गरम रश्शात अर्धवट विरघळले पाहिजेत. पनीर टाकून 'पुटीन' म्हणून देतात. पनीर वितळत नाही, पुढचं काय बोलायचं.

सिडको_एन५

कुठं खायचे ते मी सांगतो, म्हणजे दुकानाचं नाव नाही, दुकान ओळखायचं कसं ते. कारागीर बदलला की नाव तेच राहतं आणि चव जाते.

संभाजीनगरात कॅनॉट आणि निराला बाजार, लातुरात औसा रोड आणि ट्यूशन एरिया, नांदेडला श्रीनगर-वर्कशॉप कॉर्नर. या भागांत संध्याकाळी पोरांची गर्दी असते, म्हणजे माल फिरता असतो आणि फ्राइज पडून राहत नाहीत. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ जा. दुपारी तीनला गेलात तर सकाळचं अर्धवट गरम तेल मिळेल.

ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी बघा. फ्रायर की कढई? फ्रायर असेल तर त्याची टोपली किती भरतात? अर्ध्याच्या वर भरली तर तेलकट येणार. गोठवलेले काप पिशवीतून थेट तेलात जातात की बाहेर परातीत वितळत ठेवलेत? वितळलेले काप पाणी सोडतात, तेल फसफसतं आणि काप मोडतात. पाकिटातला काप गोठलेलाच १७५ ते १८० अंशांत, जाडीप्रमाणे अडीच ते साडेतीन मिनिटं. तिसरं, तेलाकडं नजर टाका. माल टाकायच्या आधीच धूर, पृष्ठभागावर न विरणारा फेस, भांड्याच्या कडेला चिकट तांबूस थर: मागं फिरा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानं तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून-तापून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. मोजायला हातात धरायचं यंत्र मिळतं, पण गाड्यावर तुमचं नाकच यंत्र.

'लोडेड', 'चीज बर्स्ट' वगैरे मागवायचं तर आधी साधे मागवा. साधे चांगले नसतील तर वरचं चीज ते झाकायलाच आहे. आणि पार्सल नकोच. घ्यावंच लागलं तर उघड्या कागदी पिशवीत, सॉस वेगळा.

घरी पाकीट आणणाऱ्यांना, विशेषतः उन्हाळ्यात: पाकीट हातात घेऊन हलवा. काप सुटे खुळखुळले पाहिजेत. एक गठ्ठा झाला असेल आणि आत बर्फाचे खडे असतील तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आहे. आपल्याकडं लाइट जायचं प्रमाण बघता हे तपासाच. ४२ अंशांच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत अर्धा तास ठेवलं तरी तोच प्रकार. थर्माकोलचा डबा न्या, घरी उणे १८ अंशांत ठेवा. फ्रीजच्या बर्फाच्या छोट्या कप्प्यात एवढी थंडी राहत नसेल तर दोन-चार दिवसांत संपवा.

कुणाचं पोरगं-पोरगी युरोपात शिकायला असेल तर एक सूचना. ब्रुसेल्सच्या प्लास जुर्दाँ चौकात मेझाँ आंत्वान नावाची फ्राइजची टपरी १९४८ पासून आहे, ब्रूजमध्ये तर फ्राइजचं संग्रहालय आहे. पण बेल्जियममध्ये कितीतरी टपऱ्या गाईच्या चरबीत तळतात. शाकाहारी माणसानं आधी तेल कोणतं ते विचारायचं, मग रांगेत उभं राहायचं. अमेरिकेतही मॅकडोनल्ड्स १९९० पर्यंत गाईच्या चरबीच्या मिश्रणात तळत होतं, आणि तिथल्या फ्राइजमध्ये आजही बीफचा स्वाद असतो. भारतातल्या त्यांच्या फ्राइज शाकाहारी आहेत.

गोलाईकर (लातूर)

लई कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. मिठाच्या पाण्यात बटाटे सोडून बघितले, सहातले चार तरंगले! म्हणजे भाजीचेच निघाले. दोन शंका राहिल्या. घरात करडईचं तेल आहे, त्यात तळू का? आणि एकादशीला हे चालतील का?

गोदाकाठ (नांदेड)

करडई एकदा तळायला चालते, पण तेच तेल पुन्हा-पुन्हा तापवायला बरी नाही. नेहमीच्या करडई तेलात लिनोलिक आम्ल फार, ते उष्णतेनं लवकर मोडतं आणि कढईला गोंदासारखा थर चढतो. दोनदा तळायच्या फ्राइजला रिफाइंड शेंगदाणा किंवा सरकी. सरकीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, बटाट्याची चव पुढं येते. सोयाबीन मिळायला सोपं, पण दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यानंतर वास मारायला लागतं. तळून झालं की तेल कोमट असतानाच कापडातून गाळा, तळातला चुरा टाका, झाकण लावून अंधारात ठेवा. चुरा राहिला तर पुढच्या वेळी काळे ठिपके तिथूनच येतात.

एकादशीचं म्हणाल तर घरचे चालतील: शेंगदाणा तेल, सैंधव मीठ, वरून जिरेपूड. कढई आणि तेल मात्र वेगळं, आदल्या दिवशी त्यात भजी तळलेली नकोत. पाकिटातले घेऊ नका, किंवा मागची यादी वाचूनच घ्या. कुरकुरीत राहावेत म्हणून बऱ्याच पाकिटांतल्या कापांना तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाचा पातळ थर दिलेला असतो, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. घरी तसाच थर हवा असेल तर सुकवलेल्या एक किलो कापांना दोन मोठे चमचे साबुदाण्याचं पीठ भुरभुरून, चाळणीत झटकून मग पहिलं तळण.

चाळणी

गोलाईकर, ते तरंगलेले चार टाकू नका, कारळं यांनी सांगितल्या तशा फोडी करा. बुडालेल्या दोनांचे १० मिलिमीटरचे काप, अर्धा लिटर तेल असलं तरी पुरे, पण लहान कढईत आणि मूठ-मूठभर सोडून. सुकवायला विसरू नका, सध्या पावसाची हवा आहे, पंख्याखाली पंधरा मिनिटांऐवजी पंचवीस लागतील.